दारू त्याची, पारायण माहं

...नाही, मले एकच सांगा, बाकी काही नका सांगू. दारू प्यायची त्यानं, अन् पुस्तक वाचायचं म्या? हा कोठचा न्याय हाय राजेहो? ताप पोराले आला तर गोळी बापाले देतेत का? बैल लंगडला तर नाल मालकाच्या पायाले ठोकतेत का? पण तो व्यसनमुक्ती केंद्रावाला सुधाकरराव, चांगला शिकेल माणूस, चष्मा कपाळावर, बोलणं असं हळू का समोर माणूस नाही, झोपेल लेकरू हाय... तो मले म्हणते, "काका, लक्ष्मणचं आम्ही पाहू. हे पुस्तक तुमच्यासाठी आहे."

म्या म्हणलं, "माह्यासाठी? मी तर थेंबभर पीत नाही."

"म्हणूनच," म्हणते.

म्हणूनच! आता ह्या 'म्हणूनच'चं काय करावं तुमीच सांगा. म्हणते, "काका, त्याला दारूचं व्यसन आहे, तुम्हाला त्याचं." आरं, पोराचं बापाले व्यसन नाही राहीन तं काय शेजाऱ्याले राहीन?

लक्ष्मण म्हणजे माहा पोरगा. एकच हाय, म्हणून तर सारी गोम. मळ्यातले वांगे, मेथी, टमाटे घेऊन वांकिडीच्या बाजाराले जाते, अन् टोपली रिकामी झाली का वाईन्सापाशी बसते. वाईन्स म्हणजे आमच्याकडं दारूचं दुकान, सडकेले लागूनच. पयले जरा बरं होतं. मंग पल्याड चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, अन् तिकडचे सारे पेताड शीव ओलांडून आमच्या उरावर! निरा जत्रा! तिकडचे लोकं प्यायले इकडं येऊन राह्यले, अन् आमचं पोट्टं दारू सोडायले तिकडं जाऊन राह्यलं. मधात बसवाला मजेत.

अन् ह्या जिल्ह्याचं तर मले काही समजूनच नाही राह्यलं. मी जल्मलो निजामाच्या राज्यात. शाळेत उर्दूचा अलिफ गिरवत होतो तवर निजाम गेला. मास्तर म्हणे, आता मराठी. मराठीचं ग म भ न घोटत होतो तवर हैदराबाद तुटलं, आंध्र आलं, दुसरा मास्तर आला, म्हणे आता तेलुगू. म्या पाटी ठेवली अन् बैलामागं गेलो. बैलाले साऱ्या राज्यात 'हर्र' म्हणलं का समजते. मंग म्हातारपणी तेलंगण झालं. अन् ह्या दसऱ्याले तर कहरच! सकाळी आदिलाबाद जिल्ह्यातून सोनं वाटायले घराबाहेर पडलो, आपट्याचे पानं वाटून वापस आलो तं म्हणे जिल्हा आसिफाबाद. मी जागचा हललो नाही राजेहो! घर तिथंच, विहीर तिथंच, बुढी तिथंच, अन् जिल्हा गेला! साऱ्यांनी मिळून माहाच पत्ता बदलला, अन् वरून तो सुधाकरराव म्हणते, "काका, दुसऱ्याला बदलता येत नाही, आपण बदलायचं असतं." किती बदलू? आणखी किती?

त्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी लक्ष्मणले केंद्रातून घेऊन आलो होतो. म्हणजे मीच गेलतो घ्यायले. तो म्हणत होता, "बा, मी बसनं येतो." म्हणलं, आजवर आला का कधी बसनं? तर पोरगं आलं, त्याच्यासंग पुस्तक आलं. पुस्तक लहानसं, वर काही चित्र नाही, नुसतं लिहेल, 'घरच्यांसाठी'. बुढीनं, म्हणजे आमच्या मथुराबाईनं, ते सरळ दसऱ्याच्या पूजेत मांडलं. विळा, कुदळ, पास, अन् मधात हे पुस्तक, वर हळद-कुंकू. म्या म्हणलं, सुटलो. पूजेतलं पुस्तक कोण उघडते?

पण घरात सून हाय ना! रेणुका. माहेर तिचं पल्याड राजुऱ्याकडं, मराठी शाळेत शिकेल. नातवंडं सारे तेलुगू शाळेतले, मले अक्षर नाही, बुढीले अंगठा. म्हणजे वाचणारी ती एकटी. डोक्यावर पदर घेऊन बसली समोर, अन् लागली वाचायले:

"'व्यसनी माणसाला सांभाळता सांभाळता घरचा माणूस स्वतःच आजारी पडतो. तो त्याला उचलून आणतो, धुतो, जेवू घालतो, लोकांत त्याच्यासाठी खोटं बोलतो. त्यामुळे पिणाऱ्याला आपण पडलो हे कधी कळतच नाही.'"

म्या म्हणलं, "थांब. हे पुस्तकात लिहेल हाय, का तुह्या मनातलं वाचून राह्यली?"

"लिहेल हाय मामाजी."

"दाखव."

दाखवलं तिनं. मले काय समजते? काळे मुंगळे ओळीनं चालेल होते. तरी म्या चष्मा पुसला, नीट पाह्यलं, 'हं' म्हणलं, अन् दुसऱ्या दिवशी पुस्तक धोतरात लपवून शेजारच्या केशवरावकडं नेलं. तो भजनाचा माणूस, वाचते चांगलं. त्यालेबी तेच पान काढून देल्लं. त्यानंबी तेच वाचलं, शब्दानं शब्द, अन् वर माह्याकडं पाहून हसला. म्हणलं, हाबी तिलेच सामील.

आता तुमाले सांगतो, मी काय वाईट करत होतो? दिवेलागणीले बैलबंडी जुंपायची, वाईन्सापाशी जायचं, पोराले उचलायचं, कडब्यावर टाकायचं, विहिरीवर आणून तोंडावर पाणी मारायचं, मंग घरात. कोणी विचारलं तं सांगायचं, "ऊन लागलं त्याले." केशवराव म्हणे, "अमृतराव, दिवाळी आली, ऊन कोठचं?" म्हणलं, "बाजारात उभं राह्यलं का लागते!" मी नाही आणणार तं कोण आणीन त्याले? कलेक्टर? अन् कोणत्या जिल्ह्याचा? सडकेवरून टरका जातेत राजेहो, कापसानं भरेल. एखाद्यानं चेंदला तं? ह्याचं उत्तर पुस्तकात नाही. म्या विचारलं सुनेले. तिनं पानं चाळले, अन् खाली मान घालून म्हणते, "नाही मामाजी." मंग? दारू प्यायची त्यानं, अन् पुस्तक वाचायचं म्या, अन् टरकाचं कोण पाहीन?

तर तिथून बुढीनं कारभार हाती घेतला. म्हणते, "एवढं मोलाचं पुस्तक असं चुलीपाशी बसून वाचतेत का? पारायण लावा." आता सांगा! पोथीचं पारायण आयकलं होतं, दारूच्या पुस्तकाचं पारायण आयकलं का कोणी? पण बायकांच्या मनात एकदा आलं का आलं. लाल फडक्यात पुस्तक, चौरंग, समई, उदबत्ती, पाटावर यजमान म्हणून मी! तळहातावर सुपारी ठेवून पाणी सोडायले लावलं, संकल्प म्हणे. अन् पारायणाचा नेम तुमाले मालूमच हाय. अध्याय सुरू झाला का यजमानानं पाटावरून उठायचं नाही. हाक आली तरी नाही, बैल सुटला तरी नाही.

"येळ कोणती?" म्या विचारलं.

"दिवेलागणीची."

"ती तं बंडीची येळ हाय!"

"सकाळी सुनेले वावर हाय," बुढी म्हणते. झालं! अपील नाही.

पोरगं तवर बरं होतं, घरीच राहे. म्हणून म्या म्हणलं, चला, बसू. तं पयल्याच दिवशी अर्धी गल्ली हजर! ज्या ज्या बाईचा नवरा पिते ती ती बाई मांडी घालून समोर. सुनेनं एक ओळ वाचली का साऱ्या संगं, "अगं माय, खरं हाय वं!" अन् पाहतेत कोणाकडं? माह्याकडं! पिणारे सारे वाईन्सात, अन् राक्षस पाटावर बसेल! सोनाबाई तं मले म्हणते, "दाजी, तुमी असंच करता ना?" आवं, तुहा नवरा नालीत पडेल हाय, तिकडं पाह्य ना!

अन् अध्यायबी कसा? सरतच नाही. आमच्या पोथ्यांचे अध्याय म्हणजे दम लागला का सरतेत. हा आपला वाचणं चालूच. एक दिवस मले वाटलं, हे तं कालचंच हाय. म्हणलं, "रेणुका, हे काल झालं ना?" ती म्हणते, "मोलाचं हाय मामाजी, दोनदा आयकावं." बायका म्हणतेत, "हो हो, आयकावं!" आता आता मले समजते का ती तेच ते पान काऊन वाचत होती, मले अंधार पडेपर्यंत पाटावर डांबून ठेवायले. तवा म्हणलं, पल्याडच्या शाळेत असंच शिकवत असतीन.

मंग तो बाजाराचा दिवस आला. केंद्रातून आल्यावर लक्ष्मण पयल्यांदाच भाजी घेऊन वांकिडीले गेला. उन्हं उतरले, नाही आला. समई लागली, नाही आला. अध्याय सुरू झाला. माहं ध्यान सारं सडकेवर. तेवढ्यात केशवराव दारात. चप्पल न काढता तिथूनच म्हणते, "अमृतराव, लक्ष्मण वाईन्सापाशी पडेल हाय. सडकेच्या कडेलेच."

मी अर्धा उठलो राजेहो. एक गुडघा पाटावर, एक वर. बुढी म्हणते, "अध्याय चालू हाय." म्या म्हणलं, "मरून जाईन तो!" ती म्हणते, "अध्याय चालू हाय." तिचे डोळे भरेल, पण हात माह्या धोतराच्या सोग्यावर, घट्ट धरेल. म्या सुनेकडं पाह्यलं. म्हणलं, नवरा तिचा हाय, ती म्हणीन 'जा'. ती वाचूनच राह्यली. आवाज सरळ. "'त्याला त्याच्या पायांनी येऊ द्या,'" वाचते. पान उलटलं तिनं, अन् पुन्हा तेच वाचलं. "'त्याला त्याच्या पायांनी येऊ द्या.'" आता हे दुसऱ्या पानावरबी लिहेल होतं का, मले नाही मालूम. म्या 'दाखव' नाही म्हणलं.

बसलो मी खाली. सडकेवरून टरक गेला का मी मोजत जाये. एक गेला, दुसरा गेला... सांगू नये, पण त्या टायमाले मी सुधाकररावले असल्या शिव्या देल्या मनात, का तिन्ही राज्याच्या भाषा कामी आल्या.

आरती झाली. नारळ फुटला. मी उठलो, बैलाच्या गळ्यात जू टाकलं, तं कवाडात कोणीतरी उभं. लक्ष्मण! एका पायात चप्पल, एक पाय चिखलानं भरेल, टोपलं डोक्यावर उलटं. मले म्हणते, "बंडी कोठं होती?"

म्हणलं, "इथंच होती."

"मंग आला काऊन नाही?"

"अध्याय चालू होता."

त्याले काही समजलं नाही. मलेबी काही समजलं नाही. मंग तो ओट्यावर बसला अन् लहान पोरासारखा रडला. म्हणते, "लोकं मले ओलांडून जात होते, बा. दुसऱ्यांचे बैलंबी थांबत नव्हते." रेणुकानं आतून पाण्याचा गडू आणला, त्याच्यापाशी ठेवला, अन् आत निघून गेली. पाय त्याचे त्यानंच धुतले. सकाळी उठलो तं अंथरूण रिकामं. केशवरावकडं पळालो. केशवराव म्हणे, "पयल्या बसनं गेला. केंद्रात जातो म्हणे." घ्यायले, पोचवायले कोणी नाही, आपलाच आपण गेला!

तर राजेहो, तेव्हापासून पेला नाही. तो काही बढाई मारत नाही, 'आजचं आज' म्हणते, तिकडं तसंच शिकवतेत. बाजारातून बसनं येते, दिवेलागणीच्या आत. सून हसते, बुढी देवाले साखर ठेवते. सारं बरं झालं.

पण माहं काय? दिवेलागण झाली का माहे पाय राहतच नाहीत! बसलो तं उठतो, उठलो तं गोठ्यात जातो, बैलांच्या तोंडाकडं पाहतो, ते माह्या तोंडाकडं पाहतेत. हाताले घाम येते, जीव उडते. सुनेले विचारलं, "ह्याचं काही लिहेल हाय का पुस्तकात?" ती म्हणते, "सारं पुस्तक ह्याचंच हाय मामाजी." घ्या!

अन् परवा काय झालं मालूम नाही, केव्हा बंडी जुंपली, केव्हा निघालो... शुद्धीवर आलो तं वाईन्सासमोर! दुकानावाला मल्लेश बाकडं पुसून देते, "काका, मी कोडुकु रालेदु," म्हणजे तुमचा पोरगा आला नाही म्हणून. मले काय मालूम नाही? तरी बसलो. थोडंसं बरं वाटलं, खोटं काऊन सांगू? बसलो असाच, हात गुडघ्यावर, सडकेकडं पाहत.

तं सडकेवरून कोण येऊन राह्यलं? लक्ष्मण! चालत, घाईघाईनं, गळ्यात गमछा. माह्यासमोर उभा राह्यला. खाली वाकला, माह्या बगलेत हात घातला, अन् म्हणते, "चाल बा, घरी चाल."

सारे पेताड पाहून राह्यले. एक जण दुसऱ्याले म्हणते, "म्हाताऱ्याले ह्या वयात लागली वाटते." आरं, थेंबबी नाही पेलो मी! म्या सांगायले तोंड उघडलं, पण सांगू काय? दारूच्या दुकानातून पोरगा बापाले उचलून नेऊन राह्यला, अन् बाप म्हणते मी पेलो नाही. असं सारेच म्हणतेत.

कासरा त्यानं घेतला. मले मागं कडब्यावर बसवलं. बसलो मंग मुकाट्यानं... पाय लांब होतेत राजेहो तिथं. इतक्या वर्षांत मले मालूमच नव्हतं.