सासूबाईंचं पहिलं अपील

अगं, मला माहिती अधिकार विभागात नोकरी लागली ना, तिची तयारी कशी झाली ते ऐक. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती आणि मला दम निघत नव्हता. कांदिवलीच्या घरात जो समोर येईल त्याला मी म्हणत होते, "तुम्ही अर्जदार व्हा, काहीही विचारा. मी नियमाप्रमाणे उत्तर देते."

माझ्या सासूबाई मालवणच्या. मेथी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पवईत जागा बघतास, ह्यां खरां काय?"

माझी वाटच लागली. मी आणि नवऱ्याने हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ही वैयक्तिक माहिती आहे, देता येणार नाही," मी म्हटलं.

"मगे मी अपील करतंय. कोणाकडे करूचां?"

हे मला तोंडपाठ होतं. "त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे."

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि घसा साफ केला. "अपील मंजूर. माहिती आत्ताच द्या."

आता लपवण्यात अर्थच नव्हता. "बघतोय, आई," मी म्हटलं. "पण तुम्हा दोघांची खोली धरूनच बघतोय. म्हणून तर अजून जमत नाहीये."

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या खोलीची खिडकी खंयच्या बाजूक?"

बाबा म्हणाले, "त्यासाठी नवा अर्ज कर."