वाढीव माप

शकुन : नाही म्हणजे नाही. ही संदेश मिठाईची पेटी मी हातात धरणार नाही. आधी मला नीट सांगा, आपण हावड्याला कुणाकडे चाललोय आणि कशाला?

चारुदत्त : अगं हळू. ट्राममधले सगळे बघतायत.

शकुन : बघू देत. इथे कुणाला मराठी कळतंय? बेहालाहून निघताना म्हणालात, ओळखीचे एक मिस्त्री आजारी आहेत. आता पूल आला तर म्हणता, तुझं बंगाली चांगलं, तू त्यांच्याशी गोड बोल. लग्नाला वर्ष झालं, तुमच्या ऑफिसातला एक माणूस कधी घरी आणला नाहीत. आणि आज एकदम मिस्त्री!

चारुदत्त : निताई मिस्त्री नाव त्यांचं. लाकडी साचे करतात. आम्ही डिझाइन ऑफिसातून मापं देतो, ते लाकडाचा नमुना करतात, आणि त्यावरून फाउंड्रीत लोखंड ओततात. पस्तीस वर्षं हेच करतायत.

शकुन : आणि त्यांना झालंय काय?

चारुदत्त : काही नाही झालेलं. आमची कंपनी ज्यांना काम देते त्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. पंपाची तीन कवचं ओतली, तिन्ही मोठी निघाली. कशातच बसेनात. भंगारात गेली.

शकुन : मग चूक त्यांची. तुम्ही कशाला मिठाई घेऊन निघालात?

चारुदत्त : त्यांची नाही.

शकुन : मग कुणाची? अहो, बाहेर काय बघताय? गंगा रोज तिथेच असते.

चारुदत्त : माझी.

शकुन : तुमची कशी? तुम्ही तर सगळं त्या कॉम्प्युटरवर करता. आमचा कॉम्प्युटर चुकत नाही, म्हणून माझ्या बाबांना तासभर पिळलं होतंत.

चारुदत्त : तो चुकत नाहीच. आपण सांगू तेच तो करतो.

शकुन : थांबा. ती पंच केलेली कार्डं तुम्ही जिन्यात सांडलीत आणि घाबरून उलटसुलट गोळा करून दिलीत, मग शंभर पानं नुसती शून्यं छापून आली. ते घरी येऊन तुम्ही हसत हसत सांगितलंत. त्रिज्येच्या जागी व्यास घातलात आणि दांडा ढोलाएवढा जाड निघाला, तेही सांगितलंत. मग हेच का लपवलंत?

चारुदत्त : त्यात फक्त माझं हसं झालं होतं.

शकुन : बरं. आता सगळं सांगा. मला समजेल असं सांगा.

चारुदत्त : वितळलेलं लोखंड गार झालं की आकसतं. शंभराला एक धर. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. मी नवा, हुशारी दाखवायची होती. प्रोग्राममध्येच ती वाढ घातली आणि वाढवलेली मापं छापून पाठवली. कागदावर तसं लिहिलंसुद्धा नाही.

शकुन : मग बरोबरच झालं की.

चारुदत्त : नाही ना! साचेवाल्यांची पट्टीच वेगळी असते, शकुन. तिच्यावरचा मीटर आपल्या मीटरपेक्षा थोडा मोठा असतो, मुद्दामच. ते नुसतं माप घेतात आणि वाढ आपोआप येते. माझी एक वाढ आणि त्यांच्या पट्टीची दुसरी. दोनदा झाली.

शकुन : आणि ही पट्टी तुम्हाला ठाऊक नव्हती? इंजिनियर ना तुम्ही?

चारुदत्त : कॉलेजात कधीतरी एक ओळ वाचली असेल. हातात कधी धरली नव्हती. मिस्त्रींचं नाव काढल्यावर मला चैन पडेना, म्हणून साचा बघायला गोदामात गेलो. तिथल्या माणसानं माझ्या पट्टीशेजारी त्यांची पट्टी ठेवली आणि हसला.

शकुन : कधीची गोष्ट ही?

चारुदत्त : पंधरा दिवस झाले.

शकुन : अगं बाई! म्हणून परवा आमटीत मीठ नव्हतं तरी मुकाट्यानं जेवलात. आणि मला वाटलं, नवरा सुधारला. साहेबांना सांगितलंत?

चारुदत्त : जयप्रकाशसाहेबांना? युनियनवाले आधीच कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडतायत. साहेबांनी भर मीटिंगमध्ये सांगितलंय की मशिनचा हिशेब चोख आहे, हात चुकला तो मिस्त्रीचा. माझा कागद कुणी बघायलाही मागितला नाही. कपाटात आहे, कुलूप लावून ठेवलाय.

शकुन : कुलूपसुद्धा लावलंत.

चारुदत्त : पुढच्या महिन्यात मला कायम करायचं ठरतंय. आत्ता बोललो तर तेही राहील आणि क्वार्टरही जाईल.

शकुन : मी आईला कळवून बसलेय की आपल्याला क्वार्टर मिळणार. पडद्याचं कापडसुद्धा बघून आलेय.

चारुदत्त : म्हणून तर म्हणतो...

शकुन : काय म्हणता? त्या माणसाला मी बंगालीत नेमकं काय सांगायचं होतं?

चारुदत्त : हेच, की यांना फार वाईट वाटतंय. तुमच्याबद्दल आदर आहे. बाकी काही नाही.

शकुन : वा! चूक तुमची, आणि तुम्हाला वाईट वाटतं हे सांगायला मी! लाज नाही वाटत?

चारुदत्त : वाटते गं. पंधरा दिवस दुसरं काही वाटतच नाहीये.

शकुन : उठा. स्टेशन आलं. आणि ती पेटी तुमची तुम्ही घ्या.

(हावड्यातल्या गल्लीतलं मिस्त्रींचं घर. पुढचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत आणि बंगालीत.)

निताई : अरे, साहेब! तुम्ही स्वतः आलात? या मा, लेकीसारख्या आहात, तुम्ही इथे बसा, ही खुर्ची चांगली आहे. मीच ऑफिसात येणार होतो, साहेब. माफी मागायची होती. पाऊल उचलत नव्हतं.

चारुदत्त : निताईदा, माफी कसली...

निताई : नाही, बोलू द्या. तीन-तीन कवचं फुकट घालवली मी. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चौकशीला बोलावलं तेव्हा तुमच्या साहेबांनी पंपाचा मूळ नकाशा समोर धरला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, पंधराशे मिलिमीटर. आणि साचा करताना मला तुमच्या कागदावर काय दिसलं, माहीत आहे? पंधराशे पंधरा. सगळेच आकडे थोडे थोडे मोठे दिसले. कागद साच्याबरोबर परत दिलेला, पुन्हा बघायलाही नाही. म्हणजे डोळे गेले, दुसरं काय?

शकुन : डॉक्टरांना दाखवलंत का, काकाबाबू?

निताई : दाखवलं ना, मा. तो म्हणतो डोळे ठीक आहेत. त्याला काय कळतंय? तरी हा नवा चष्मा केला. मग बायकोनं माझी हत्यारं उचलून माळ्यावर टाकली. रंधा मागितला तर म्हणते, बोटं कापून घ्याल. शेजारच्या कारखान्यातून काम आलं होतं, तिनंच परत पाठवलं. काल मला चहाचा कप हातात देताना म्हणते, सांभाळून, गरम आहे. लहान मुलाला सांगावं तसं!

चारुदत्त : (मराठीत) शकुन, तू सांग ना गं त्यांना. मला जमत नाहीये.

शकुन : (मराठीत) मला बंगाली येत नाही.

निताई : काय म्हणतायत साहेब?

शकुन : ते तुमच्याशीच बोलणार आहेत, काकाबाबू. जरा वेळ द्या त्यांना.

चारुदत्त : निताईदा... पंधराशे पंधराच होतं.

निताई : काय?

चारुदत्त : माझ्या कागदावर. पंधराशे पंधराच छापलं होतं. तुम्ही बरोबर वाचलंत, सगळे आकडे बरोबर वाचलेत. मी वाढ आधीच घातली होती, तुमच्या पट्टीनं ती पुन्हा घातली. मला तुमची पट्टीच ठाऊक नव्हती. आणि कळल्यावरही पंधरा दिवस मी गप्प बसलो. नोकरीला भ्यालो. उद्या सकाळी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवतो. तुमचं नाव परत यादीत येईपर्यंत मी...

निताई : ते यादीचं राहू द्या आत्ता. माझे डोळे?

चारुदत्त : ठणठणीत आहेत, निताईदा. चूक माझी होती.

निताई : पुन्हा एकदा सांगा, साहेब. जरा मोठ्यानं. बायको आत आहे.