तारांखालचा माळढोक

अक्कांना निरोप द्यायला इथं जमलेल्या सगळ्यांनो, अक्कांचा भाचा श्रीराम मला म्हणाला, "मावशी, दोन शब्द धीराचे बोल." बाळा, धीराचे शब्द माझ्यापाशी नाहीत. बोलायला उभी राहिले हेच पुष्कळ. जे घडलं तेवढं सांगते.

नलिनीअक्का आणि मी इथल्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका शाळेत शिकवायचो. त्या विज्ञान, मी गणित. निवृत्तीनंतर त्यांनी मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला आणि दर हिवाळ्यात मला घेऊन जैसलमेरपलीकडच्या वाळवंटात जाऊ लागल्या. माळढोकासाठी. माणसाच्या कमरेच्याही वर पोचणारा पक्षी, आता फार थोडे उरलेत. पहिल्यांदा तो गवतातून चालत आला, तेव्हा अक्का बटण दाबायचंच विसरल्या. हळूच म्हणाल्या, "हेमा, किती ऐटीत चालतोय बघ."

मागच्या हिवाळ्यात आमच्या जीपवाल्यानं एकदम गाडी थांबवली. म्हणाला, मॅडम, तुम्ही उतरू नका. अक्का उतरल्या. विजेच्या तारांखाली माळढोक पडला होता. पंख मोडलेला, पण जिवंत. या पक्ष्याला समोरची तार उशिरा दिसते, आणि अंग इतकं जड की ऐनवेळी वळता येत नाही. वनखात्याला फोन केला. अक्का त्याच्यावर ओढणीची सावली धरून उन्हात बसल्या. माणसं पोचायच्या आत तो गेला.

जीपवाला म्हणाला, फोटो काढा, कुणाला तरी दाखवता येईल. अक्कांनी काढला. इथं आल्यावर ज्याला त्याला दाखवला. तुमच्यातल्याही कितीजणांनी पाहिलाय. सगळे हळहळले. तारा तिथंच आहेत.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही. उन्हाळ्यात आजार कळला, तोवर तो अंगभर पसरला होता. दवाखान्यात मी म्हटलं, अक्का, बऱ्या व्हा, डिसेंबरात जाऊ. त्या म्हणाल्या, "कशाला, हेमा? कुणाला बघायला?"

तुमच्यापैकी कुणी काय उत्तर दिलं असतं?

मघाशी कुणीतरी म्हणालं, अक्का आता त्यांच्या पाखरांत असतील. मायेनं म्हणालं. पण अक्का असं मानत नव्हत्या, आणि आज त्यांच्या माघारी मी ते मानणार नाही. त्या गेल्या. आता त्या कुठंही नाहीत.

उभे राहू या. प्रार्थना नको, काही नको. नुसते गप्प राहू या.