संपतचा फोटो कुणी काढला?

तो हार घातलेला फोटो कुणी निवडला? नाव सांगा आधी. मला न विचारता, मला न दाखवता, एवढा मोठा करून टेबलावर ठेवलाय. मघापासनं मी त्याच्याकडं पाठ करून बसलीय, आणि तुम्हाला वाटतंय बहिणीला बघवत न्हाई. बघवत न्हाईच. पण तुम्ही समजताय त्या कारणानं न्हाई.

बसा, उठू नका कुणी. एवढी माणसं आलाय. शिवाजी पेठेतली, कळंब्याची, गाड्यांच्या हौसेपायी ओळख झालेली लांबलांबची. उपकार हाईत तुमचे. मला भाषण येत न्हाई. चौथीत शाळा सुटली. मिरची कांडपाची मशीन चालवते, त्या आवाजावर ओरडून बोलायची सवय. आज घसा बसलाय. तरी बोलणार.

संपत माझा धाकटा भाऊ. आठवडाभर माझ्यासंगं मशीनीत मिरची घालायचा, आणि कुठं जुन्या गाड्या मांडल्या की कॅमेरा घेऊन पळायचा. स्वतःची गाडी न्हाई, लायसन न्हाई. मी म्हणायची, लोक लेकरांचे फोटो काढतात, तू लोखंडाचे काढतोस. हसायचा. जाताना काळाच शर्ट घालायचा. का, तर पॉलिश केलेल्या पत्र्यात फोटो काढणाराच दिसतो म्हणं. उकिडवा बसायचा, बंपरखाली वाकायचा, पण स्वतः कुठं उमटायचा न्हाई. तुमच्या घरात त्यानं दिलेल्या फ्रेमा हाईत की. एकात तरी संपत हाय का? बघा जाऊन.

आणि गाडीत माणूस चालायचा न्हाई त्याला. मालकाला उतरवायचा, मग थांबायचा. एकदा मी डबा द्यायला गेलते. गाडी मोकळी, ऊन चांगलं, आणि हा नुसता उभा. मी वैतागले. काढ की बाबा, गिऱ्हाईक सोडून आलीय. तर हळूच म्हणला, "आक्का, माणूस उतरला म्हणून गाडी लगेच रिकामी हुत न्हाई. जरा थांबावं लागतंय."

मी म्हणलं, याचं डोकं फिरलं. आणि हा मागच्या दाराकडं बघत एक पाऊल बाजूला सरकला. कुणाला तरी वाट दिल्यासारखा. मग फोटो काढला.

संपत गेला त्या दिवशी गाड्यांच्या शोत, मैदानात कोडोलीच्या पावण्यांची काळी गाडी होती. पावणं, मान खाली घालू नका, तुमच्यावर आळ न्हाई. तुम्हीच मला सगळं सांगितलंत. गाडीला कुलूप लावून तुम्ही जेवायला गेलता, किल्ली खिशात. परत आलात तर संपत मागच्या चाकाला टेकून बसलेला, कॅमेरा गळ्यात. तुम्हाला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर म्हणले, हार्ट. सगळे म्हणले, जवळ कुणी नव्हतं, एकटाच गेला. मी ते गिळलं.

मग हाराला फोटो पायजे. घरात संपतचा फोटो कुठला? म्हणून तुम्ही मंडळींनी त्याच्या कॅमेऱ्यात शोधलंत. शेवटचाच निघाला. चेहरा तेवढा मोठा केलात, चांगला आलाय म्हणून. चांगलाच आलाय. काल तो मोठा केलेला बघितला तवा मी म्हणलं, मला सगळा दाखवा.

संपत त्या काळ्या गाडीत मागच्या सीटवर बसलाय. दार लावलेलं. दोन्ही हात मांडीवर. आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात हाय.

कळलं का काय म्हणते? ज्या कॅमेऱ्यातनं फोटो निघाला, तोच कॅमेरा फोटोत हाय. तुटलेल्या पट्ट्याला मी लाल दोऱ्यानं टाके घातलेले, ते काचेतनं दिसतात. दुसरा कॅमेरा त्याच्याकडं कधी नव्हता. एकजण म्हणला, आरशात बघून काढला असंल. आरशात आकडा उलटा दिसतो. गाडीच्या दारावर शोचा नंबर चिकटवलाय, तो सरळ हाय.

आणि तो हसतोय. कॅमेऱ्याकडं बघून न्हाई, जरा वर, काढणाऱ्याच्या तोंडाकडं बघून. लई दिवसांनी ओळखीचं कुणी भेटावं तसा हसतोय.

म्हणजे तिथं कुणीतरी होतं. व्हय ना? मग मला एवढंच पायजे. त्यानं पाणी मागितलं का? छातीत दुखतंय म्हणला का? माझं नाव काढलं का? मी भांडणार न्हाई. पोलिसात जाणार न्हाई. कुलपाची गाडी कशी उघडली, तेबी विचारणार न्हाई. नुसतं समोर येऊन म्हणा, मी काढला.

आता उभं राहू या. संपतसाठी दोन मिनिटं गप राहा. एकमेकाच्या तोंडाकडं बघू नका, ज्यानं त्यानं स्वतःला विचारा. रविवारी उत्तरकार्य हाय. त्याच्या आत माझ्याकडं या. मशीन बंद हाय, दार उघडं ठेवते. कुणीच आलं न्हाई तर तेबी एक उत्तर झालं, आणि ते मला घ्यायचं न्हाई. रविवारपर्यंत मला एक माणूस पायजे. जित्ता माणूस.