करंजाच्या झाडावरची आई

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. तो घरी नेऊन उशाशी ठेवायचा नाही, इथंच सोडवायचाय.

ज्या माणसावर आपला काडीचा विश्वास नाही, त्याच्या भरवशावर आपलं किती चालतं?

बघा, माना खाली गेल्या. दुपारी नाक्यावर चहा प्यालात. पाणी कुठलं होतं, बघितलंत? एसटीत बसून इथवर आलात. ड्रायव्हरची झोप झाली होती का, विचारलंत? नाही! मांडी घालून बसलात, घोरलातसुद्धा. आणि पारावर आलात की सुरू – बुवा, जग बिघडलं, कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही. तुमच्यावर ठेवायची आहे का, ते आज बघू.

आज राजा नाही, राक्षस नाही. विमान मात्र आहे. पुष्पक नव्हे हो – तिकीट काढून, पट्टा लावून बसायचं विमान.

बार्शीकडच्या एका गावात तुळशीराम गव्हाणे नावाचा अडत्या होता. भुसार मालाचं दुकान. शेतकऱ्यानं तुरीचं पोतं टेकवलं की हा तोंडाशी बघायचाच नाही. लोखंडी परखी घ्यायची, पोत्याच्या पोटात खुपसायची, मधला माल हातावर काढायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा. वर चांगला माल आणि आत खडे, हे त्यानं इतक्यांदा बघितलं होतं की त्याला माणूसही तसाच दिसायचा. धंद्यात ते बरोबर. पण हा गडी परखी दुकानात ठेवून घरी येत नव्हता. जावयाच्या बोलण्यात खुपसायची, सुनेच्या चहात खुपसायची. बायको गोदावरी म्हणायची, "माझ्या माहेरचं पोतं तेवढं राहिलंय, तेही भोसका एकदा."

या तुळशीरामची आई वारली. म्हातारीनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. जाताना एवढंच म्हणाली, "तुळश्या, मला गंगेत सोड. दुसरीकडं कुठं टाकू नको." आता आईनं एकच गोष्ट मागावी आणि ती राहावी, हे कुणाच्या लेकाला सोसेल? थोरल्या मुलानं पुण्याहून काशीला जाणाऱ्या पहाटेच्या विमानाची दोन तिकिटं काढली. पहाटेचं विमान म्हणजे आदल्या दिवशीच जायला हवं, म्हणून विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली घेतली. मुलगा शिकलेला. म्हणाला, "दादा, मृत्यूचा दाखला खिशात ठेवा. विमानात अस्थी नेऊ देतात. हॉटेलातही सरळ सांगा."

सरळ सांगा म्हणे! तुळशीरामला? त्याला सरळ रस्ता दिसला की आधी शंका यायची, इथं कुणी खड्डा तर नाही ना खणलाय.

गाडगं लाल फडक्यात बांधलेलं, फडकं पिशवीत. हॉटेलच्या फाटकाशी आल्यावर गोदावरी म्हणाली, "सांगून टाका. बाहेर झाडाला टांगायला ते नाही कशाला म्हणत्याल?"

"सांगितलं तर खोली देत्याल का? अस्थी म्हणल्यावर फाटकातनंच वाटेला लावत्याल. मग रातभर बसायचं का रस्त्यावर आईला घेऊन?"

वॉचमननं विचारलं, "काका, पिशवीत काय?"

"प्रसाद."

मंडळी, जन्मदात्या आईचा प्रसाद करून टाकला गड्यानं! आणि कशासाठी? कुणी नाही म्हणालं नव्हतं. म्हणेल, या संशयावर.

आता पंचाईत अशी, की अस्थी घरात न्यायच्या नाहीत. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. छपराखाली नाही, बाहेर झाडाला टांगायच्या. पण या हॉटेलच्या दारात झाडं कसली? तुळशीरामनं एकाचं पान चिमटीत धरलं, तर प्लास्टिक. दुसरं बघितलं, तेही प्लास्टिक. "बघ," तो बायकोला म्हणाला, "जे झाडाला फसवत्यात ते आपल्याला सोडत्याल का?" गोदावरीला सामानाशी उभं करून तो मागं गेला. पार्किंगच्या कोपऱ्यात एक खरं करंजाचं झाड होतं. त्यानं आधी कॅमेरे हेरले. खांबावरचा कॅमेरा झाडाची एक बाजू बघत होता, दुसरी नाही. हा दुसऱ्या बाजूनं गेला, खालच्या फांदीला घाईघाईत पोटली बांधली आणि धोतर झटकत आला. कुणी बघितलं नाही. आपल्या हुशारीवर त्याचा मात्र पूर्ण विश्वास!

आत काऊंटरवरच्या मुलीनं हसून नमस्कार केला, थंडगार सरबत पुढं ठेवलं.

"पिऊ नको," तुळशीराम पुटपुटला. "ही का हसायलीय?"

"हसू नको म्हणा तिला. रडत उभी राहील."

आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, तर यानं झेरॉक्सवर पेननं आडवं लिहिलं – फक्त या हॉटेलसाठी. खोलीला किल्लीऐवजी प्लास्टिकचा पत्ता दिला, तर म्हणाला, "असले आणखी किती कुणाकडं हायत?" आत पाण्याच्या दोन बाटल्या फुकट ठेवलेल्या. फुकट? त्यानं झाकणं उजेडात धरून तपासली. आणि न्हाणीघर, मंडळी! न्हाणीघराला काचेची भिंत! पलंगावर बसलं की आतलं सगळं दिसतंय. महिला मंडळ हसतंय, पण गोदावरीवर प्रसंग होता. तिनं सामानातली नऊवारी काढून त्या काचेवर टांगली आणि म्हणाली, "आता तपासा काय तपासायचं ते."

तर हा खरंच तपासत बसला. आरशामागं बघितलं. पलंगाखाली मोबाइलची बॅटरी मारली. खिडकीतून करंज दिसत होता, तिथं उभं राहून आईकडं लक्ष ठेवायचं सोडून हा दिव्याच्या टोप्यांत कॅमेरा शोधत होता. दिवेलागण झाली. आणि खाली शिट्टी वाजली.

तुळशीराम खिडकीशी आला. वॉचमन माणसांना मागं ढकलत होता. गाड्या हलवायला लावत होता. आणि सगळे करंजाकडं बघत होते.

लॉबीत सगळ्या पाहुण्यांना गोळा केलं. मॅनेजर म्हणाला, "पार्किंगमधल्या झाडाला एक लाल पोटली बांधलेली सापडलीय. विमानतळ जवळ आहे, आम्हाला पोलिसांना कळवावं लागलं. कुणाची असेल तर आत्ता सांगा, काही होणार नाही."

काही होणार नाही म्हणाला! मंडळी, देवानं दार उघडून दिलं होतं. तुळशीरामच्या मनात काय आलं? आता 'माझी' म्हणलं तर विचारत्याल, मग प्रसाद का सांगितलंस. चोरून का बांधलंस. काही होणार नाही म्हणतोय, म्हणजे नक्की काहीतरी होणार. तो गप्प. आणि नुसता गप्प राहिला असता तरी मी काही बोललो नसतो. पण आपण गप्प आहोत हे कुणाला कळू नये, म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "असल्यांना धरून फोडलं पाहिजे."

गोदावरीनं नवऱ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिनं त्याच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात कॅमेऱ्यातलं चित्र बघून वॉचमन आला आणि त्यानं कोपऱ्यातल्या एका माणसाकडं बोट दाखवलं. पन्नाशीचा गडी, दाढी पिकत आलेली, पायाशी दोरीनं आवळलेली बॅग. एसी दुरुस्तीचं काम करणारा. कैक महिने घरी बसून काढल्यावर मस्कतला काम लागलं होतं, पहाटेचं विमान होतं. चुकलं तर कंपनी दुसऱ्याला घेणार होती.

मॅनेजर म्हणाला, "झाडाजवळ तुम्हीच होता ना?"

"मीच व्हतो."

"काय बांधत होता?"

"बांधलेलंच व्हतं, सुटत आलं व्हतं. खाली कुत्रं उड्या मारत व्हतं साहेब, तोंड पोचलं असतं त्याचं. म्हणून वरच्या फांदीला घट्ट बांधलं."

"नाव काय तुमचं?"

"रज्जाक तांबोळी. परांड्याचा."

नाव ऐकलं मात्र, मंडळी, दोघं-तिघं मागं सरकले. आणि आतापर्यंत 'तुम्ही' म्हणणारा मॅनेजर पुढं काय म्हणाला, बघा.

"काय आहे त्यात? तुला माहीत आहे?"

"अस्थी असत्याल."

"तुला कसं कळलं?"

"आमच्याकडं असंच टांगत्यात. घरात न्हेत न्हाईत. शेजारच्या आप्पांच्या टायमाला पोरं लांब व्हती, मीच टांगल्या व्हत्या."

"कुणाच्या आहेत?"

"ते कसं सांगू? कुणाची आई आसंल, बाप आसंल. आला आसंल कुणीतरी माझ्यासारखाच पहाटेच्या विमानाला."

आता यात खोटं काय होतं? शब्दन् शब्द खरा. पण मागून एकजण म्हणाला, "फार तयारीत बोलतोय." दुसरा म्हणाला, "यांना आपलं सगळं बरं माहीत असतं." पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिला, तुमच्या मयताला खांदा देत चालला, म्हणून माहीत झालं. आणि माहीत आहे, हाच त्याचा गुन्हा! नसतं माहीत तर म्हणाला असतात, यांना आपल्या रीतीची किंमत नाही. मग त्यानं करायचं काय? सांगा ना, करायचं काय त्यानं?

तुळशीराम ऐकत होता. परांड्याची तूर त्याच्या दुकानात येत होती. बोलण्याचा हेल त्याच्या घरातलाच. रज्जाकनंही एकदोनदा त्याच्या टोपीकडं, चेहऱ्याकडं बघितलं. तुळशीरामनं मान वळवली. मनात म्हणाला, याला काय होतंय, पुरावा नाही, सुटेल उद्या. मंडळी, दुसऱ्याचं 'उद्या' किती स्वस्त असतं!

पोलीस आले. फौजदारानं झाड लांबूनच बघितलं. म्हणाला, "जवळ जाऊ नका. बॉम्बवाल्यांचं पथक येतंय. मोकळ्यावर नेऊन फोडून टाकतील, मग बघू काय ते. याला गाडीत घ्या."

दोघांनी रज्जाकचे दंड धरले. तो म्हणाला, "साहेब, मला न्या. पर ते फोडू नका. कुणाचं तरी माणूस हाय त्यात."

गोदावरी हळूच बोलली, पण तुळशीरामच्या कानात शिसं ओतावं तसं. "तुम्ही बोलताय का मी बोलू?"

आणि तुळशीरामचं तोंड उघडलं. "माझी आई हाय ती."

थांबा, माना डोलवू नका! कुणासाठी उघडलं तोंड? रज्जाकसाठी? तुम्हाला गोड वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. आई फुटेल म्हणून उघडलं. नुसता रज्जाक गेला असता तर हा जेवून झोपला असता.

पोटली उतरवून घेतली, दोघांना चौकीत नेलं; गोदावरीही मागोमाग गेली. फौजदारानं दाखला वाचला, फडकं सोडून आत बघितलं, पायातले बूट काढून हात जोडले. "काका, आधी सांगायचं ना. जा तुम्ही, आराम करा. विमान चुकवू नका."

"आणि हे?"

"त्याची चौकशी होईल. पासपोर्ट, गाव, कुणाकुणाला फोन केले ते. सकाळी मोठे साहेब आल्यावर."

"अहो, पण खोटं मी बोललो. चोरून मी बांधलं. ह्यानं तर राखलं."

"तुमचं समजू शकतो हो काका."

तुमचं समजू शकतो! ऐकलंत? जो खोटं बोलला त्याचं समजू शकतात. जो खरं बोलला त्याची चौकशी. तुळशीरामला जन्मात पहिल्यांदा कुणी परका इतक्या सहज विश्वासानं वागवत होता, आणि त्याला तो विश्वास अंगावर पाल पडावी तसा वाटला. कारण तो त्याचा नव्हता. दुसऱ्याच्या ताटातून काढून त्याला वाढला होता.

रिक्षा आली. गोदावरी बसली. यानं एक पाय आत ठेवला, तसाच बाहेर काढला. चौकीसमोर कडुलिंब होता. त्यानं आईला तिथं टांगलं आणि खाली बसला. फौजदार बाहेर आला.

"काका, हे काय?"

"त्यो बाहेर आला की आईला उतरवतो."

"विमान जाईल तुमचं."

"त्याचं बी जाईल की."

"आईची इच्छा होती म्हणालात ना गंगेची?"

"व्हती. पर तिला असं पोचवून मी तिला काय सांगू? तुला राखणारा आत हाय आणि मी तुला घेऊन पळालो?"

गोदावरी रिक्षातून उतरली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. पहाटे डोक्यावरून विमानं गेली. त्यातलं काशीचं कुठलं, मस्कतचं कुठलं, खालून कसं कळणार? ऊन चढल्यावर मोठे साहेब आले, कागद बघितले, म्हणाले, "याच्यात काय आहे? सोडा की याला." सोडा की! रात्रीच कुणाला तरी हे दोन शब्द बोलता आले नसते?

रज्जाक बाहेर आला. तुळशीरामनं हात जोडले. "रज्जाकभाई, चुकलं माझं."

रज्जाकनं बॅगेची दोरी आवळली. मग म्हणाला, "लॉबीत मी तुमच्याकडं बघत व्हतो. आपल्या भागातला दिसतोय म्हणलं. ह्यो तरी बोलंल कायतरी." एवढं म्हणून त्यानं बॅग उचलली आणि चालू लागला.

आई गंगेला पोचली, मंडळी. आठवड्यानं, रेल्वेनं. मस्कतचं काम राहिलं का गेलं, ते मला माहीत नाही. तुळशीरामलाही नाही. त्यानं परांड्यातून नंबर मिळवला, कितीदा तरी फोन केला. रज्जाकनं उचलला नाही. काय म्हणून उचलावा?

तुम्हाला वाटलं असेल, बुवा शेवटी दोघांची गळाभेट घालतील आणि आपण डोळे पुसून जेवायला उठू. नाही घालत! कारण तुम्ही आत्ता मनात म्हणताय, मी असतो तर पहिल्यालाच बोललो असतो. खोटं आहे. तुम्ही रोज त्या लॉबीत उभे असता. देवळातली समई चोरीला गेली, तेव्हा गावाबाहेर पालात, कापडाच्या झोपडीत राहणाऱ्या पोराला बांधून मारलं याच गावानं. समई कुणाच्या घरी आहे, हे इथं बसलेल्या चौघांना तेव्हाही माहीत होतं. मी नावं घेत नाही. माझी नजर कुठं आहे, ते ज्याचं त्याला कळतंय. तुम्हाला भीती संशयाची नाही हो, तो आपल्या दारी येईल याची आहे. म्हणून तो दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधता.

तेव्हा आरती मी थांबवतो. ताट झाकून ठेवा. त्या चौघांतला एक जरी उठला, पालावर जाऊन त्या पोरासमोर खरं बोलून आला, की आरती करू. तोवर देव उभा राहील. त्याला वाट बघायची सवय आहे. पोराला नाही.