माझ्या घरनं ओटी न्हाई

न्हाई, रागावलो न्हाई मी, ज्योतीराम. बसा की. पहिल्या शिफ्टची बस यायला अजून वेळ हाय — चाकण चौकातल्या ट्रकांतनं वाट काढत येते ती. मी रोज येतो या थांब्यावर. सुप्रिया म्हणते, आप्पा, घर इथनं दिसतंय, मी काय हरवणार हाय का? मी म्हणतो, पाय मोकळं करतो. खोटंच की ते. लेकीच्या हातनं फाटकाची कडी वाजली की माझ्या छातीत धस्स होतंय — म्हणून मीच पुढं येतो, फाटक मीच उघडतो.

तुमचं म्हणणं कळलं. तुमाला ती पसंत हाय, तिला तुमी. आमची नात तर तुमचंच नाव घेती — सायकलची चेन बसवून दिली ना तुमी, तवापासनं तेजलला दुसरं कुणी दिसत न्हाई. लग्न करा, खुशाल करा. घटस्फोटाचा कागद दोन वर्षं झाली, कपाटात हाय. फक्त तुमच्या आई म्हणत्यात ना, माहेरनं रीतीनं ओटी भरून पाठवा — तेवढं माझ्याकडनं व्हायचं न्हाई.

खर्च? छे हो! खण, नारळ, चार मुठी तांदूळ. भरायला बाईमाणूस लागतं, ते बी हाय — शेजारच्या चतुराबाई. सुप्रियाची आई गेल्यावर त्यांनीच भरली, दोन्ही वेळा.

व्हय, दोन्ही. एकदा लग्नात, आन् एकदा... जाऊ द्या.

तुमी तिच्या उजव्या अंगानं चालता, बघितलंय मी. तिनं सांगितलं व्हय? न्हाई? मग तुमचं तुमीच वळखलंत. लहानपणी तापात डावा कान गेला तिचा — असं सांगतो मी समद्यांना. कंपनीच्या डॉक्टरला बी तेच सांग म्हटलं होतं तिला. तिनं सांगितलं बिचारीनं.

ताप न्हाई, पाव्हणं.

भर दुपारी सासरनं आली होती. तेजल कडेवर, आठ महिन्यांची. कडी वाजली, बघतो तर ही, पदर कानाशी धरलेला. म्हणाली, आप्पा, कानात शिट्टी वाजतीय, थांबतच न्हाई. मी काय केलं असंल? दवाखान्यात नेली? न्हाई. पाणी दिलं, जेवाय वाढलं, आन् चतुराबाईंना हाक मारली — म्हटलं, लेकीची ओटी भरा, माघारी जायचीय. कुंकू लावताना त्यांचा हात कानाला लागला, तशी पोर कळवळली. चतुराबाई माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. मी खाली बघितलं, आन् बाहेर जाऊन वडापच्या जीपला हात केला. मला वाटलं, भरली ओटी बघून सासरचे वचकतील. पाठीशी बाप हाय, असं कळंल त्यास्नी. त्यास्नी काय कळलं सांगू? बापच माघारी धाडतोय, आता मारा खुशाल.

जीप हलली तवा मी मागनं वरडलो, पोचलीस की कळव गं! तिनं वळून बघितलं न्हाई. मला वाटलं, रुसली. रुसली कसली — डावा कान माझ्याकडं होता तिचा. ऐकूच आलं न्हाई तिला.

पुढं वर्षभर काढलं तिनं तिथं. मग आली, कायमची. आन् आली ती माझ्या दारात न्हाई, पाव्हणं — चतुराबाईंच्या. भिंतीपलीकडं तेजल रडायची, आन् मी अलीकडं बसून कडी वाजायची वाट बघायचो. तीन दिवस. चौथ्या दिवशी मीच गेलो आणायला. त्या ओटीबद्दल ती एका शब्दानं बोलली न्हाई. अजून न्हाई बोलली.

म्हणून म्हणतो, तुमच्या आईंना सांगा, म्हातारा अडाणी हाय, त्याला रीत कळत न्हाई. मोकळ्या पदरानं न्या तिला. माझ्या घरनं धाडली, असं व्हायला नको. तिची ती आली, असं होऊ द्या.

ही आली बस. उठा, जावा पुढं. मी बसतो हितंच, आज फाटक तुमी उघडा.

अहो, तिकडनं न्हाई — उजव्या अंगानं.