चारशे तेरा पावलं

हसू नका, पण नोकरी गेल्यावर मला पहिलं जेवण काठीच्या धाकानं मिळालं. साहेबाला उलट बोललो म्हणून कामावरून काढलं होतं. घरात बसवेना, म्हणून एकटाच पायी मुळशीच्या डोंगराकडे निघालो. पौडच्या पुढं ओढा ओलांडला आणि करमणूक म्हणून मोठ्यानं पावलं मोजू लागलो. तेव्हा तिकडं धरणासाठी जमिनींची मोजणी चालली होती आणि लोक खवळलेले. शेळ्या राखणारी एक म्हातारी काठी घेऊन आडवी आली.

"किती मोजलंस रं?"

"चारशे तेरा. पण आजी, मी मोजणीवाला नाही. माझी तर नोकरीच गेलीय."

"लई बेस झालं! आता जितनं मोजाया लागलास, तितपर्यंत उलटं मोजत माघारी जा."

गेलो. चारशे बारा, चारशे अकरा... मागं म्हातारी, तिच्यामागं शेळ्या. ओढ्याशी शून्य झालं, तशी ती हसली.

"हां, आता आमचं रान आमाला मिळालं. बस हितं, भाकर खा."

साहेबापुढं एक पाऊल मागं घेतलं नाही, तर उपाशी राहिलो. म्हातारीपुढं चारशे तेरा घेतली, तर तिनं भाकरीवर लोणीसुद्धा वाढलं!